दिसू, म्हणजे देईन

वजनकाट्याची पावती मी सव्वा वर्ष लोखंडी पेटीत, सातबाऱ्यांच्या खाली जपून ठेवली होती. दाव्याच्या वेळी वकिलांना द्यायला काढली तर कोरी. वरच्या कोपऱ्यात काट्याचं नाव पुसट वाचता येत होतं. गाडी नंबर, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, सगळं उडालेलं. थर्मल कागद होता तो. त्यात शाई नसतेच. आणि पत्र्याच्या घरातल्या पेटीचं खानदेशातल्या मे महिन्यात काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

वकील म्हणाले, "पाटील, यातलं मी कोर्टाला काय वाचून दाखवू?"

तेव्हा आठवलं, त्या दिवशी काट्यावरच पावतीचा फोटो काढून आमची केळी घेणाऱ्या व्यापाऱ्याला, शेठला, व्हॉट्सॲपवर टाकला होता. त्याचं उत्तरही होतं : "ओके भाऊ". आमचा दावा पुढे या दोन शब्दांवर आणि एका फोन रेकॉर्डिंगवर उभा राहिला. ते कोर्टात वाचलं जावं म्हणून जे करावं लागलं, ते सांगतो.

आमची केळीची बाग चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मे २०२३ मध्ये नवतीची, म्हणजे नव्या बागेच्या केळीची, कापणी झाली. दोन गाड्या, २४१ क्विंटल ६० किलो. भाव ठरताना रावेरचा फलक काय म्हणतो, बऱ्हाणपूरला काय निघालं, त्यातून शेठ किती खाली देणार, हे सगळं नेहमीप्रमाणे बांधावरच झालं. कागद कुणीच केला नाही. केळीच्या धंद्यात करतही नाहीत. घड झाडावर पिकायला लागला की शेतकरी कागद मागत बसत नाही, गाडी मागतो. एक लाख आरटीजीएसनं आले. राहिले २ लाख २६ हजार १६०. आज देतो, उद्या देतो करत पावसाळा गेला, पुढे शेठ फोन उचलेना. जानेवारीत नोटीस पाठवली, उत्तर आलं की असा काही माल आम्ही घेतलाच नाही, एक लाख आले ते हातउसने होते. म्हणजे मी शेतकरी नाही, सावकारच झालो की उलटा ऋणको, तेही कळेना.

दावा सप्टेंबर २०२४ मध्ये दाखल झाला. या तारखेला महत्त्व आहे, ते असं. आधी सगळे वकील '६५ ब' म्हणायचे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात २००० साली माहिती तंत्रज्ञान कायद्यानं घातलेलं ते कलम. मोबाईल, संगणक, सीसीटीव्ही यांतून काढलेली प्रत कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवं : हे यंत्र कोणाचं, कोणाच्या ताब्यात होतं, नीट चालत होतं का. १ जुलै २०२४ पासून तो जुना कायदा गेला, भारतीय साक्ष अधिनियम आला आणि '६५ ब'चं झालं '६३'. नुसता आकडा बदलला असता तर ठीक होतं. नव्या कायद्याच्या शेवटी अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुनाच छापून दिलाय, आणि त्याचे भाग दोन : भाग अ पुरावा देणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं.

कोर्टाच्या आवारातल्या टायपिंगवाल्याकडे जुना नमुना तयार होता. त्यानं '६५ ब' खोडून '६३' केलं, खाली माझं नाव घातलं आणि प्रिंट हातात दिली. शंभर रुपये. मी सही करून वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन ओळी वाचल्या आणि कागद परत केला.

"यात लिहिलंय की मे २०२३ पासून आजतागायत सदर मोबाईल तुमच्या ताब्यात आहे आणि सुस्थितीत आहे. कोणता मोबाईल?"

मी खिशातला काढून दाखवला.

"हा कधी घेतला?"

हा घेतला २०२४ च्या मार्चमध्ये. जुना फोन ठिबकच्या फिल्टरजवळ व्हॉल्व्ह फिरवताना वरच्या खिशातून निघून हौदात पडला होता. सिमकार्ड नव्या फोनमध्ये घातलं, व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगलवर होता तो उतरवला, जुने मेसेज सगळे दिसायला लागले. माझ्या मते फोन तोच होता, डबा फक्त नवा. वकिलांच्या मते तसं नव्हतं. "सही तुमची आहे पाटील. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येणार. जे झालं ते तसंच्या तसं लिहा. कायद्याला फोन पाण्यात पडल्याचं काही वाटत नाही, न पडल्याचं लिहिलंत तर वाटतं."

मग भाग अ मी स्वतः भरला. सातबाऱ्याची नक्कल मागायचा अर्ज सोडून आयुष्यात मी एवढा बारीक फॉर्म भरलेला नाही. पुरावा कशातून काढला त्यावर खूण करायची : मोबाईल, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र), पेन ड्राइव्ह, सर्व्हर, क्लाउड. मग कंपनी आणि मॉडेल. मग रंग. हो, रंगसुद्धा! माझा फोन निळा की काळा यावर घरात पाच मिनिटं चर्चा झाली, शेवटी बायकोनं खोक्यावरचं वाचून दाखवलं. आयएमईआय नंबर. यंत्र तुमच्या मालकीचं आहे की तुम्ही फक्त वापरता. मग हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलची ओळखखूण, ती काय ते पुढे येतंच. आणि शेवटी तारीख, ठिकाण, आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे.

व्हॉट्सॲपच्या प्रिंट काढतानाही एक गोष्ट शिकलो. मी शेठचा नंबर 'केळी पेमेंट बाकी' या नावानं सेव्ह केला होता. स्क्रीनशॉटवर तेच नाव. वकील हसले, म्हणाले, तुम्ही उद्या माझा नंबर 'पंतप्रधान' नावानं सेव्ह कराल. नाव काढून टाका, नुसता नंबर दिसू द्या, आणि तो नंबर शेठचाच आहे हे वेगळं दाखवा. तो त्याच्या छापील बिलबुकावर होता, शेजारच्या शेतकऱ्याकडे त्याचं जुनं बिल सापडलं. बँकेच्या उताऱ्यालाही दोन फेऱ्या झाल्या. काउंटरवरच्या मुलीनं शिक्का मारून प्रिंट दिली, पण नुसता शिक्का पुरत नाही. १८९१ चा बँकांच्या वह्यांचा एक कायदा आहे, त्याखालचं प्रमाणपत्र शाखाधिकाऱ्याच्या सहीनं लागतं. काट्यावरच्या कॅमेऱ्याचं तर विचारूच नका. डीव्हीआरमधलं चित्रण जागा भरली की जुन्यावर नवं चढत जातं, आणि मी चौकशीला गेलो तेव्हा दोन हंगाम उलटून गेले होते. कापणीनंतर पैसे अडकले तर पहिल्या आठवड्यात काट्यावर लेखी अर्ज द्यायला हवा होता. तेव्हा हे कोणाच्या डोक्यात असतं?

आता रेकॉर्डिंग.

जुन्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे, आणि ते फोनमध्ये नाही, मेमरी कार्डात जमा व्हायचे. फोन पाण्यात मेला, कार्ड जगलं. सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपतीच्या दिवसांत, शेठनं एकदा चुकून फोन उचलला, ते बोलणं त्यात होतं. त्यातलं मुख्य वाक्य : "आरे भो, बठ्ठा पैसा दिसू, दिवाई व्हवू दे." ही अहिराणी. अरे भाऊ, सगळे पैसे देईन, दिवाळी होऊ दे. यापेक्षा स्वच्छ कबुली काय पाहिजे? मी ती फाइल पुतण्याकडून वकिलांना व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि निर्धास्त होतो.

भाग ब साठी तज्ज्ञ म्हणून जळगावचे एक संगणक अभियंता ठरले. बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढायचं काम करतात. तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण, सरकारनं अधिसूचित केलेली प्रयोगशाळाच पाहिजे की शिकलेला कोणीही माणूस चालतो, यावर आमच्याकडच्या वकिलांच्या बाररूममध्ये दोन तट आहेत, चहा गार होईपर्यंत चालतं. आमच्या वकिलांनी ठरवलं, छोट्या दिवाणी दाव्याला पदवीधर अभियंता पुरे. मी एसटीनं निघालो. विदगावच्या पुलावर तापी दुथडी वाहत होती, आणि माझ्या खिशात बिडीच्या रिकाम्या पाकिटात गुंडाळलेलं नखाएवढं कार्ड. दर दहा मिनिटांनी चाचपायचो.

साहेबांनी आधी वकिलांकडची फाइल लॅपटॉपवर घेतली, मग कार्डातली. काळा पडदा उघडला, काहीतरी टाइप केलं आणि खाली एक लांबलचक ओळ उमटली. ० ते ९ आकडे आणि इंग्रजीतली पहिली सहा अक्षरं, सगळी मिसळून ६४. म्हणाले, हा या फाइलचा हॅश, एसएचए-२५६ पद्धतीनं काढलेला. फाइल तीच असेल तर जगातल्या कोणत्याही संगणकावर ही ओळ हीच येणार. फाइलचं नाव बदललं तरी हीच. पण आत अर्धा सेकंद कमी झाला, एक टिंब इकडचं तिकडे झालं, तर सगळीच्या सगळी ओळ बदलणार. मग त्यांनी दुसऱ्या फाइलची काढली. दोन्ही ओळी एकाखाली एक. पहिलं अक्षर सोडा, कुठंच मेळ नाही.

"व्हॉट्सॲपवर पाठवताना बदललं असेल," मी म्हणालो.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कार्डातली फाइल ४ मिनिटं १२ सेकंद. वकिलांकडची १ मिनिट ५० सेकंद.

मला माहीत होतं. मीच पुतण्याला सांगितलं होतं, "पहिलं काढून टाक." पहिल्या दोन मिनिटांत मी शेठला शिव्या देतोय. साध्यासुध्या नाही. आईवरून, बहिणीवरून, चार महिने साठलेल्या. मागे ओट्यावर आप्पा खोकतायत, मध्येच म्हणतात, "आरे, तोंड आवर." हे सगळं कोर्टात, न्यायाधीशांपुढे, बाया-माणसांपुढे वाजणार? पुतण्यानं मोबाईलवरच बोटानं सरकवून तेवढं कापलं होतं. दोन मिनिटांचं काम.

साहेब काही बोलले नाहीत. हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. हेडफोन काढून म्हणाले, "मी सही करीन ती फक्त कार्डातल्या फाइलवर. दुसरी मी पाहिलीच नाही असं समजतो, पण तुम्ही वकिलांना आजच फोन करा."

वकील फोनवर चिडले. एरवी ते चिडत नाहीत. "शिव्या दिल्या म्हणून दावा जात नाही पाटील, कापल्यामुळे जातो!" नंतर ऑफिसात त्यांनी मला १९८५ चा राम सिंग विरुद्ध कर्नल राम सिंग हा निकाल समजावला. टेपच्या जमान्यातला, पण आजही चालतो. आवाज कोणाचा ते ओळखता आलं पाहिजे, रेकॉर्डिंग अचूक असलं पाहिजे, आणि त्यात काटछाट, पुसापुशी झाल्याची शक्यता उरता कामा नये. तिसऱ्या अटीवर त्यांनी पेन्सिलनं दोनदा रेघ मारली. आणि मग पूर्ण रेकॉर्डिंग लावून त्यांनी मला जे ऐकवलं, त्यानं मी गारच पडलो. शिव्यांच्या मध्ये शेठ हसून म्हणतो, "सव्वादोन लाखसाठे इतला तापस का रे भो?" रक्कम! मी जी कबुली ठेवली होती तीत 'बठ्ठा पैसा' होता, पण किती, ते नव्हतं. ते शिव्यांबरोबर कापून टाकलं होतं.

नशीब, कापलेली फाइल कोर्टात दाखल झाली नव्हती.

शेठचे वकील म्हणणार, परवानगीशिवाय रेकॉर्ड केलं. त्याला उत्तर तयार होतं, मुंबईच्या कोरोनरचा (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा) १९७२ चा मलकानी खटला. सर्वोच्च न्यायालयानं तसलं टेलिफोनवरचं रेकॉर्डिंग पुराव्यात चालवून घेतलं होतं. पण वकिलांना जास्त भरवसा होता तो अजिंठ्याच्या डोंगरापलीकडच्या निकालावर. जालना विधानसभा, २०१४. खोतकर २९६ मतांनी निवडून आले, हरलेले गोरंट्याल कोर्टात गेले, मुद्दा असा की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आला. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण. चित्रणाच्या प्रती मिळाल्या, पण '६५ ब'चं प्रमाणपत्र मागून मागून मिळेना. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली, आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं त्या निमित्तानं सगळ्या देशाचा घोळ मिटवला : प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र पाहिजेच. माणसानं जमेल ते सगळं करूनही समोरचा देत नसेल तर कोर्टाकडून मागवा, त्याची सूट वेगळी. पण मूळ यंत्रच मालकानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून हजर केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

"तुमचं मूळ काय? फोन नाही, कार्ड. रेकॉर्डिंग थेट कार्डावर झालंय. आपण कार्डच हजर करू," वकील म्हणाले. "आणि प्रमाणपत्रही देऊ. दोन्ही. नवीन कायदा आहे, कोणता न्यायाधीश कसा वाचेल सांगता येत नाही."

मग राहिली लेखी प्रत. रेकॉर्डिंगसोबत बोलण्याची शब्दशः प्रत द्यावी लागते. ती पुन्हा त्याच टायपिंगवाल्याकडे गेली. त्याला हेडफोन दिला, तो ऐकत गेला, टाइप करत गेला. मूळचा इकडचा नाही तो. शिव्यांच्या जागी त्यानं टिंबं टाकली, ती चालली. बाकी त्यानं 'सुधारलं'. दाखल झाल्यावर महिनाभरानं माझ्या लक्षात आलं, आमच्या कागदात लिहिलंय : "अरे भाऊ, सगळा पैसा दिसेल, दिवाळी होऊ दे."

अहिराणीत 'दिसू' म्हणजे देईन. 'मी दिसू', मी देईन. 'करसू', करीन. 'जासू', जाईन. पुण्याकडच्या माणसाला 'दिसू' म्हणजे डोळ्यांना दिसणं. आणि हे शेठच्या वकिलांना बरोबर सापडलं.

माझी सरतपासणी, म्हणजे माझ्या बाजूची साक्ष, शपथपत्रावर झाली, उलटतपासणी २०२५ च्या पावसाळ्यात. त्या दिवशी रेकॉर्डिंग वाजवायचं होतं. आमच्या ज्युनिअर वकील मॅडमनी स्वतःचा लॅपटॉप आणि पोरांचा गाणी ऐकायचा गोल स्पीकर आणला होता. पंख्याच्या आवाजात काही कळेना, तेव्हा न्यायाधीश साहेबांनी पंखे बंद करायला सांगितले. भर ऑगस्टची उमस, वीस-पंचवीस माणसं, काळे कोट, आणि पंखे बंद. अभियंत्यांनी आधी सगळ्यांसमोर कार्डातल्या फाइलचा हॅश पुन्हा काढला. मॅडम प्रमाणपत्रावरची ओळ वाचत होत्या, शेठचे ज्युनिअर स्क्रीनवरची. चौसष्ट अक्षरं. एकेक. मध्ये एकदा शेठचा ज्युनिअर चुकला, साहेब म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून. मेळ बसला.

आणि मग माझा आवाज. तुम्ही कधी स्वतःच्या शिव्या भरकोर्टात ऐकल्यात का? मागच्या बाकावरचा कोणीतरी खुदकन हसला, पट्टेवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं. मी पिंजऱ्याच्या लाकडावर कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं नाव वाचत राहिलो. लांब कुठंतरी आरतीचा लाउडस्पीकर. आप्पांचा खोकला. तोंड आवर. शेठचं हसू. सव्वादोन लाख. आणि दिसू.

शेठच्या वकिलांची उलटतपासणी तासभर चालली. सगळी लिहीत नाही. पहिला प्रश्न तोच : "हा मेसेज तुम्हाला आला तेव्हा आता दाखवलेला मोबाईल तुमच्याकडे नव्हता, हे खरं का?" मी म्हणालो, खरं. आणि प्रमाणपत्रात तसं लिहिलंय. ते थोडं थांबले. बहुतेक त्यांना 'नाही, होता' हवं होतं. मग फाइल कोणी कोणी हाताळली, पुतण्या काय शिकलाय, त्यानं कधी रेकॉर्डिंग कापलं का. मी म्हणालो, कापलं, मी सांगितलं म्हणून कापलं, शिव्यांची लाज वाटली म्हणून, आणि ती फाइल कोर्टात दिलेली नाही. दिली ती पूर्ण आहे, आत्ता वाजली ती. हे उत्तर वकिलांनी मला पढवलं नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, विचारलं तर सांगा.

मग ते म्हणाले, "रेकॉर्डिंगमध्ये मागे कोणी खोकतंय, ते कोण?"

"माझे वडील."

"त्यांना साक्षीसाठी आणणार का?"

"ते वारले. गेल्या माघात."

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग स्टेनोला म्हणाले, घ्या.

शेवटी त्यांनी आमचीच लेखी प्रत पुढे केली. "यात 'सगळा पैसा दिसेल' असं आहे. देईन असं प्रतिवादी कुठंही म्हणालेले नाहीत, हे खरं?"

मी म्हणालो, प्रत चुकली आहे, बोलणं अहिराणीत आहे, अहिराणीत दिसू म्हणजे देईन.

साहेब विदर्भातले, बदलून येऊन त्यांना सहा-सात महिने झाले असतील. त्यांनी पुन्हा तेवढं वाक्य वाजवायला लावलं. दोनदा. मग शेठच्या वकिलांना विचारलं, "तुम्हाला या शब्दाचा अर्थ मान्य नाही का?" त्यांचं गाव अमळनेरकडचं. घरी आईशी ते अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नसणार. खुर्चीशेजारचा शिरस्तेदार खाली फायलीत बघून हसत होता. ते म्हणाले, "मी हा प्रश्न पुढे नेत नाही, साहेब."

आमच्या वकिलांनी त्याच दिवशी अर्ज देऊन दुरुस्त प्रत दाखल केली : डाव्या रकान्यात जसं बोललं तसं, उजव्यात प्रमाण मराठी, आणि टिंबांच्या जागी शिव्या पूर्ण. मॅडमनीच ती हातानं लिहिली होती. त्यांचं माहेर पारोळ्याचं.

कागद पुराव्यात घ्यायचे की नाही, त्यावरचा आदेश पंधरा दिवसांनी झाला. तोवर आमचे कागद यादीसोबत नुसते 'आर्टिकल' म्हणून पडले होते. निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडली नाही तर तो कागद फायलीत असून नसल्यासारखा, युक्तिवादात त्यावर बोट ठेवता येत नाही. शेठच्या बाजूची एक हरकत राहिली, की जळगावचे अभियंता कायद्यानं तज्ज्ञ ठरत नाहीत. साहेबांनी ती नोंदवून घेतली आणि निर्णय अंतिम निकालावर ठेवला. कार्ड मूळ म्हणून वाचलं गेलं, त्यामुळे रेकॉर्डिंगला त्या हरकतीनं फार फरक पडणार नाही असं वकील म्हणतात. व्हॉट्सॲपच्या प्रिंटवर तिची टांगती तलवार आहे. "ओके भाऊ" टिकतं की नाही ते निकालात कळेल.

कार्ड माझ्यासमोर लहान पाकिटात घातलं, पाकीट मोठ्या लिफाफ्यात, वर लाखेचं सील, त्यावर दाव्याचा नंबर आणि निशाणी ४१. कार्डात रेकॉर्डिंगशिवाय आठ-नऊशे फोटो आहेत, बागेचे, बैलांचे, पोरीच्या साखरपुड्याचे, आप्पांचे. अभियंत्यांनी त्यांची प्रत मला पेन ड्राइव्हवर दिलीय, तरी तो लिफाफा कपाटात जाताना मी दारापर्यंत मागे गेलो. शिरस्तेदार म्हणाले, "जा पाटील, काही होत नाही त्याला. इथं थर्मल कागद नाही." त्यांना ते कुठून कळलं देव जाणे.

बाहेर आलो तर शेठ टपरीवर एकटाच उभा. वकील निघून गेले होते. मी बाजूनं निघालो, तेवढ्यात त्यानं हाक मारली. जवळ गेलो. त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, वरच्या खिशाकडे पाहिलं.

"बंद शे ना?"

मी फोन काढला, बंद केला आणि बाकड्यावर उलटा ठेवला. त्यानं दोन चहा सांगितले.